खुलाशाचा तिसरा ड्राफ्ट

१२ फेब्रु., गुरु.

आजही शून्य ओळी. ‘एकच घटना चाळीस वेळा’ हे माझं महान काम सतराव्या वेळेपाशी फतकल मारून बसलंय. बाई चहा ओतते, एवढीच घटना. सतरा वेळा ओतून झाला, अजून कुणी प्यायलेला नाही.

दुपारी चारला मामा आला. साध्या कपड्यांत. गुरुवारी, दुपारी चारला, साध्या कपड्यांत. आईने दारातच विचारलं, "अरे, ड्युटी?" तर म्हणाला, "मुख्यालयात बसवून ठेवलंय." आणि खुर्चीत बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. शूज काढलेच नाहीत. आईने ते काढायला लावले नाहीत म्हणजे तिलाही कळलं.

मग हळूहळू निघालं. मागच्या बुधवारी गंगाघाटावरचा बाजार. साहेबांचं म्हणणं, पाच मिनिटांत रस्ता मोकळा पाहिजे. बोरं-आवळे विकणारा एक जण गाडी हलवायला वेळ लावत होता. दशरथ नाव. मामाने लाठी मारली, डोक्याला बसली. रविवारी तो सरकारी दवाखान्यात वारला.

लष्कराच्या कॅम्पात तोफांचा सराव चालू होता. आम्हाला देवळालीकरांना तो ऐकूच येत नाही एरवी. आज दर वाक्याला खिडकीची काच थरथरत होती.

मामाने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. बळाचा वापर कोणत्या परिस्थितीत केला, तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. "मनू, तू लिहितेस ना? मग लिही. मला ‘सदर इसम’च्या पुढे जाता येत नाही."

१३ फेब्रु., शुक्र.

मामाला बोलतं केलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटं. त्यात पाच वेळा एकच वाक्य: "मी कमरेखालीच फिरवली होती." ट्रेनिंगचा पहिला धडा म्हणे. लाठी कायम कमरेखाली. मग डोक्याला कशी लागली? "तोच खाली आला ना. वाकला तो."

ड्राफ्ट १: मेलेला. सगळं खरं आणि वाचवत नाही.
ड्राफ्ट २: गर्दी, धूळ, आरडाओरडा. बरा. पण मामा त्यात कुठेतरी हरवतो.
ड्राफ्ट ३: इथे हात बसला. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक वस्तू पाहिजे. ठोस, ओळखीची. मी घातलं: ‘सदर इसम उजव्या हातात दोन किलोचं लोखंडी वजन तोलत उभा होता.’ ‘तोलत’ हा शब्द माझा. एकदम अख्खं चित्र उभं राहिलं. बोरंवाला म्हटल्यावर वजन असणारच. मामाने विचारलंही नाही हे कुठून आलं. दोनदा वाचलं, म्हणाला, "हे बरंय."

खुलासा स्वतःच्या अक्षरात द्यायचा असतो. जेवणाच्या टेबलावर बसून दोन तास उतरवत होता. शाळेतल्या मुलासारखी जीभ दातांत धरून. ‘तोलत’पाशी थांबला, पेन ठेवलं, उजवा हात उघडून बघितला. मग पुढे लिहायला लागला.

खरं सांगायचं तर मला आज बरं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण झालं.

१५ फेब्रु., रवि.

मामाने काल खुलासा दिला. साहेब म्हणाले, छान लिहिलंय, कुणाकडून लिहून घेतलं? मामा म्हणाला, मीच. आईने शिरा केला. का केला, तिलाही माहीत नसावं.

१७ फेब्रु., मंगळ.

घाटावर जाऊन आले. कशाला? माझी जागा बघायला. लिहिलेली जागा खरी असते तेव्हा एक वेगळीच खाज सुटते.

चहाची टपरी आहे, बाळूकाकांची. सहज विचारलं, इथेच झालं का ते बोरंवाल्याचं? काका गाळणं झटकत म्हणाले, "इथंच. हे असं, माझ्या डोळ्यांपुढं. उजव्या हातात दोन किलोचं वजन तोलत उभा होता."

तोलत.

म्हटलं, काका, हे तुम्ही पाहिलं? "मग? जबाब दिलाय मी. सही केलीय." मग गाळणं खाली ठेवून म्हणाले, "जुनं वजन होतं बघा. एका बाजूनं टवका उडालेलं."

टवका मी लिहिलेला नाही.

घाटावरून परत येताना एकेक गाडी बघत आले. भाजी, फळं, खजूर. सगळ्यांकडे बॅटरीवरचे काटे. लाल आकडे लुकलुकतात. लोखंडी वजन एकाकडेही नाही. कधीपासून नाही? मी शेवटचं कधी बघितलं होतं?

१८ फेब्रु., बुध.

डोकं वापरलं. जबाब घेणाऱ्या हवालदारासमोर मामाचा खुलासा असणार. त्याने तेच वाक्य सगळ्यांच्या तोंडी घातलं. "असंच झालं ना?" "हो साहेब." कर सही. ठाण्यात असंच चालतं, मामा स्वतःच हसत सांगायचा पूर्वी. एकाचा जबाब लिहायचा, बाकीच्यांचा ‘वरीलप्रमाणे’.

म्हणजे स्पष्टीकरण आहे. ठीक.

टवक्याचं नाही.

१९ फेब्रु., गुरु.

मामा संध्याकाळी आईला घटना सांगत होता. तिने विचारलं नव्हतं. आता तो कुणी न विचारताही सांगतो. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. त्याचा आवाज बदललाय, त्यात विरामचिन्हं आलीत. माझी. जिथे मी पूर्णविराम दिला तिथे तो श्वास घेतो.

"वजन हातात तोलत उभा होता, ताई. माझ्याकडेच बघत." हे ‘माझ्याकडेच बघत’ नवीन आहे.

‘मी कमरेखालीच फिरवली’ हे एकदाही म्हणाला नाही.

आई खाली पडलेला चमचा उचलायला वाकली आणि मी ओरडले. का ओरडले ते सांगता येईना. झुरळ म्हटलं.

२० फेब्रु., शुक्र.

मामाबरोबर वकीलबाईंकडे. दशरथच्या बायकोने गुन्हा दाखल करा म्हणून अर्ज केलाय. तो दाखल झाला तर अटक, नोकरी, सगळंच.

वकीलबाई चटपटीत, बोलताना कीबोर्ड थांबत नाही. म्हणाल्या, "हवालदारसाहेब, त्याच्या हातात काय होतं हा प्रश्नच नाही. तुम्हाला मारताना काय दिसलं, हा आहे. वजन दिसलं, जिवाची भीती वाटली, म्हणून मारली. बरोबर?"

"बरोबर."

"दिसलं ना पण?"

"दिसलं."

मामा माझ्याकडे बघतही नव्हता. सहज म्हणाला, वेळ विचारल्यावर सांगावी तसा. मग जरा पुढे सरकून, "मॅडम, मी तशी कमरेखालीच..."

"ते आता विसरायचं. वजन बघून मारली म्हणताय, मग नेम धरून मारली. कमरेखाली मारत होतो आणि चुकून लागली म्हणताय, तर मग वजनाची भीती कुठे गेली? दोन्ही एकदम नाही चालत. आणि खुलाशात तुम्ही वजन लिहून दिलंय."

मामाने मान हलवली. जिन्यात मला म्हणाला, "हुशार बाई आहे."

त्याच्याकडे एकच खरं वाक्य होतं. वेडंवाकडं, स्वतःचं. ते मी काढून घेतलं आणि त्याजागी माझं बसवलं. त्या खऱ्या वाक्यातही तो सुटत नव्हताच. गाडी हलवणाऱ्या माणसावर लाठी उगारलीच कशाला, हे उरतंच. पण निदान ते घडलेलं होतं.

२१ फेब्रु., शनि.

अठरावी वेळ लिहायला घेतली. बाई चहा ओततानाच वाकली आणि वर आलीच नाही. मी असं ठरवलं नव्हतं. पान परत वाचलं तर कपबशा, टेबल, खिडकी सगळं जागच्या जागी आणि बाई नाही. फाडलं.

स्टँडवर, बँकेत, कुठेही. माणसं सारखी वाकत असतात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. बुटाची नाडी. पिशवी. पडलेलं नाणं. कुणी वाकलं की मला त्याच्या डोक्याच्या वरची रिकामी जागा दिसते.

२२ फेब्रु., रवि.

गेले. जायला नको होतं. बाळूकाकांनी पत्ता दिला, पंचवटीत, मागच्या वस्तीत. सकाळचे दहा, स्वच्छ ऊन, गल्लीत कपडे वाळत घातलेले.

संगीता नाव तिचं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. माहेर पेठकडचं. दारातच विचारलं, "कोनच्या पेपरच्या तुमी?"

"कुठल्याच नाही. लिहिते फक्त."

"बसा."

घरात कोपऱ्यात पाण्याचं पिंप, त्याच्या शेजारी वर्तमानपत्रावर ठेवलेलं लोखंडी वजन. दोन किलोचं. एका बाजूने टवका उडालेलं.

मी काय विचारलं आठवत नाही. तिने सांगितलं ते तसंच उतरवतेय:

"त्याच्या बापाचं हाय ते. काटा तर कवाच बॅटरीचा आला. हे चाकाखाली लावायचा. घाटाला उतार लय, गाडी ठरत नाय. पोलीस म्हनले, गाडी हलव. चाकाखालचं वजन काढल्याबिगर गाडी हलल कशी? तेच काढाया वाकला व्हता. म्या पलीकडून गाडी धरून उभी. वजन काढून धरलंन हातात, अन् तेवढ्यात."

मग जरा वेळाने: "आता सगळे म्हनतात वजन उगारलं. सांगितलं तसं केलं ना त्यानं, ताई. दुसरं काय केलं?"

मी उठले. चपलेत पाय घालताना तिने मागून विचारलं, "त्या पोलीससाहेबाच्या घरच्या ना तुमी?"

कशावरून, म्हटलं.

"घरात आल्या आल्या सगळे फोटूकडं बघतात. हार घातलाय ना. तुमी आधी वजनाकडं पाह्यलं. ते तिथं असनार हे ठावं असल्यावानी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बस सीबीएस स्टँडला आली तरी मी उतरले नाही, कंडक्टरने उठवलं.

२३ फेब्रु., सोम.

म्हणजे वजन होतं. खरंच होतं, हातात होतं, दोन किलोचंच होतं. मी टेबलाशी बसून कल्पनेतून काढलेली वस्तू दहा-बारा किलोमीटरवर एका बाईच्या पिंपाशेजारी बसलेली होती.

एकच शक्यता. मामाने सांगितलं असेल आणि मी विसरले असेन. तर मग तो खरं बोलतोय. त्याला दिसलं होतं.

रेकॉर्डिंग लावलं. सातव्या मिनिटाला:

मी: तो वाकला कशाला पण?
मामा: कुणास ठाऊक. मी त्याच्याकडे बघतच नव्हतो गं. साहेब मागे उभे होते, माझं लक्ष मागे. फिरवली कमरेखालीच, तो तिथे आला.
मी: हातात काही होतं का त्याच्या?

एक तोफ. काच.

मामा: काय असलं तर बरं?

आणि हसण्याचा आवाज. दोघांचा. माझा जास्त.

१३ तारखेचं पान काढून पाहिलं. ‘मामाने विचारलंही नाही’ असं लिहिलंय. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. इथे मी कुणाला गंडवत होते?

नीट लिहून ठेवते, उद्या बदलायच्या आत. वजन होतं. मामाला दिसलं नव्हतं. तो बघतच नव्हता. वजन बघून मारली, हे खोटं आहे आणि ते मी लिहिलंय. हे सांगू शकणारी माणसं दोनच, आणि त्यातला एक आता स्वतःच विसरलाय.

२४ फेब्रु., मंगळ.

रेकॉर्डिंगची फाईल डिलीट करायच्या बटणावर बोट ठेवून किती वेळ. मग चार्जिंग संपलं.

२५ फेब्रु., बुध.

आईला सांगितलं. टवका सोडून सगळं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"तुझे बाबा गेले तेव्हा दहाव्याला कोण उभं होतं? तुला कॉलेजात सोडायला कोण यायचं, युनिफॉर्म घालून, मुलं त्रास देऊ नयेत म्हणून?"

"आई, मी ते नाही म्हणत."

"मग काय म्हणतेस? मामाला आत पाठवू म्हणतेस?"

"त्याला वजन दिसलं नव्हतं, एवढंच म्हणतेय."

आईने वर बघितलं. "दिसलं होतं. त्याने मला त्याच दिवशी सांगितलं. गुरुवारी, आला तेव्हा, त्या खुर्चीत बसून. तू इथेच होतीस."

नव्हतं सांगितलं. कॅलेंडरकडे बघत बसला होता. १२ तारखेच्या पानात लिहिलंय. तिला पान दाखवलं. तिने वाचलं, वही मिटली, माझ्या हातात दिली.

"तू लिहिलंयस ते," म्हणाली. जणू तोच पुरावा की ते खोटं आहे.

२६ फेब्रु., गुरु.

मामाची चौकशी करणाऱ्या अधिकारी मॅडमच्या ऑफिसात फोन केला. क्लार्क होता.

"तुम्ही साक्षीदार का?"
"नाही."
"घटनास्थळी होता?"
"नाही."
"मयताच्या नातेवाईक?"
"नाही. हवालदारांचा खुलासा मी लिहिलाय. त्यातलं एक वाक्य त्यांचं नाही. त्यांचं मूळ बोलणं माझ्याकडे रेकॉर्ड आहे."

टायपिंग थांबलं. मग, आवाज खाली आणून: "ताई, खुलासा सगळ्यांचाच कुणीतरी लिहितं. मीसुद्धा लिहिलेत. असं फोन करून कुणी सांगत नाही."

"मी सांगतेय."

"सोमवारी अकराला या. हवालदारांचं बयान त्याच दिवशी आहे." मग पुन्हा, "नाही आलात तरी मी नोंद केलेली नाही हां."

२८ फेब्रु., शनि.

मामाला स्वतः जाऊन सांगितलं. त्याच्या पाठीमागे नको होतं. मुख्यालयाच्या बाहेर, वडाच्या पारावर. तो ऐकत होता, शेंगा सोलत होता, दर दुसरी शेंग माझ्या हातात देत होता.

मला वाटलं, चिडेल. हात उगारेल. रडेल. मी तिन्हीची तयारी करून गेले होते.

"मनू," म्हणाला, "मी पाहिलंय गं ते. टवका उडालेलं होतं."

टवक्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. बाळूकाकांच्या जबाबात असेल, तो त्याने वाचला असेल. असेल.

"रेकॉर्डिंगमध्ये तू म्हणतोयस, बघतच नव्हतो."

"तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. आता आठवतं. तू लिहिलंस तेव्हाच तर आठवायला लागलं." आणि इतक्या मायेने माझ्याकडे बघितलं, मी त्याचं काहीतरी हरवलेलं शोधून दिल्यासारखं.

खोटं बोलणारा माणूस मला ओळखता येतो, असं आजवर वाटायचं. तो खोटं बोलत नव्हता.

१ मार्च, रवि.

उद्या मॅडमना द्यायचा अर्ज लिहिला. सात ओळी. एकही वस्तू नाही, एकही उपमा नाही. चार वेळा लिहिला आणि चारही वेळा तोच आला. असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

आई बोलत नाहीये. पण सकाळचा गजर लावलाय का, एवढं विचारलं.

२ मार्च, सोम. सकाळी ११.२०, बाकावर

लांबच लांब पॅसेज. हिरवा ऑइलपेंट, अर्ध्या भिंतीपर्यंत. उजेड भरपूर आणि सावली कुणाचीच नाही, ट्यूबलाइट दोन्ही बाजूंना आहेत म्हणून असेल. समोरच्या बाकावर संगीता, एकटी. माझ्याकडे एकदा बघितलं. ओळख दिली नाही, तोंडही फिरवलं नाही.

मामा माझ्या शेजारी बसलाय. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. आल्यावर म्हणाला, "सरक थोडी," आणि बसला, लग्नाच्या पंगतीत बसावं तसा. वकीलबाई आत गेल्यात कागद द्यायला.

मी हे लिहितेय ते त्याला दिसतंय. वाचत नाहीये.

आत्ता म्हणाला, "तू नव्हतीस तिथे, मनू." धमकी नव्हती त्यात. समजूत काढत होता.

म्हटलं, "नव्हते. तू होतास. मग सांग, त्याचा चेहरा कसा होता?"

तो खरंच आठवायचा प्रयत्न करतोय. कपाळावर आठ्या, डोळे समोरच्या भिंतीवर, जिथे हिरवा संपतो आणि पांढरा सुरू होतो. मी चेहरा लिहिला नव्हता. ड्राफ्ट एक, दोन, तीन, कशातच नाही.

एक मिनिट झालं असेल. संगीता त्याच्याकडे बघतेय. तोही आता तिच्याकडे बघतोय, जणू तिच्याकडे असेल.

"मनू," अगदी हळू, "कसा होता गं?"

शिपाई दार उघडून विचारतोय, आधी कोण येतंय?

आम्ही दोघंही उठलो